आईची तपकिरी बॅग

मंगळवार, १७ ऑक्टोबर
सकाळी साडेअकरा

चिरंजीव ठकी हिला,

वर श्री लिहिला आणि पुढे पेन थांबलं. चार वर्षं आठ महिने तुला एक ओळ लिहिलेली नाही, तेव्हा आता अनेक आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू? ते आहेत असं समज, नकोसे असले तर सोडून दे. कागद हिशेबाच्या वहीचा आहे. मागची पानं कोरी होती.

कळवायचं ते असं, की मी आज पोचत नाही. आमचं पहिलं विमान काल धुक्यापायी तीन तास उशिरा उतरलं, तोवर पुढचं निघून गेलेलं. विमान कंपनीने सगळ्यांना या गावातल्या एका हॉटेलात आणून ठेवलंय आणि जेवणाची दोन-दोन कुपनं दिलीत. सरळ जाणारं विमानही होतं. थांबत जाणारं स्वस्त पडत होतं म्हणून ते मी निवडलं, ह्यांनी नाही. हे फक्त म्हणाले, "अगं, आईकडे चाललीयेस," आणि पेपर उघडून बसले.

रविवारी तुझ्या यजमानांचा फोन आला. म्हणाले, "ताई, आईंनी दोन दिवस पाण्याच्या दोन चमच्यांशिवाय काही घेतलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, ज्यांना यायचं त्यांनी यावं. ठकीने फोन करायला सांगितलेलं नाही, मी माझ्या मनाने करतोय." शेवटचं वाक्य त्यांनी गाळलं असतं तरी मला कळलंच असतं.

आज सकाळी नऊ जणांना साडेदहाच्या विमानात बसवून दिलं. जागा नऊच होत्या. माझी सोय उद्या सकाळची आहे. विमानात माझ्या शेजारी बसलेला एक औषध कंपनीचा माणूस होता, आपल्या भाषेत बोलणारा, तोही त्या नवांत गेला. आता इथे माझं बोलणं कळणारं कुणी नाही. मॅट्रिकला इंग्रजीत पस्तीस मिळाले होते, त्यावर चाललंय.

खोली बरी आहे. पलंग, टेबल, भिंतीत पक्का बसवलेला दिवा. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या मागच्या बाजूचे पाइप दिसतात. साबणाच्या दोन वड्या होत्या, एक वापरली, एक पिशवीत टाकली. अंघोळ करून जप केला. मन लागलं असं म्हणणार नाही, पण केला.

इथून तुला फोन करता येतो. खाली काउंटरवरची मुलगी लावून देते म्हणाली. मी म्हटलं, नंतर.

आईची तपकिरी बॅग घेऊन निघाले आहे. तू परत पाठवलेली, तीच. विमानतळावर ती पट्ट्यावरून आली तेव्हा तिची चेन एका बाजूने उसवलेली होती आणि माझा टॉवेल बाहेर लोंबत होता. परकराची नाडी काढून आवळून बांधली आहे. हसायला आलं असतं एरवी. आता ती दुरुस्त करून आणते. अशा अवस्थेत ती तुझ्या दारात नको.

दुपारी दोन

ठके,

एका पुलाजवळच्या बाकावर बसून लिहितेय. बॅग शेजारी आहे. तीतलं सामान खोलीवर काढून ठेवलं, रिकामीच घेऊन फिरतेय.

गाव चढ-उताराचं आहे. काउंटरवरच्या मुलीला उसवलेली चेन दाखवली, तिने एका कागदावर रस्ता काढून दिला. त्यात पूल होता, पुलापलीकडे एक गोल होता आणि गोलात फुली. चालत निघाले. बस जात होती, पण कुठल्या बसला कुठे उतरायचं हे विचारण्यापेक्षा पाय बरे. कचेऱ्यांची गल्ली लागली. जेवणाची सुट्टी झालेली, माणसं पायऱ्यांवर बसून डब्यातलं खात होती. एका दुकानात नुसते दिवे. एका दुकानात नुसती कुलपं. चौकात मनोरा आहे, त्याला तीन बाजूंनी तीन घड्याळं आणि तिन्हींत वेळ वेगळी. मी माझ्या घड्याळाप्रमाणे चालले. मग पूल आला. पुलाखाली पाणी होतं. बघितलं.

वाटेत एक प्रार्थनेची जागा लागली. कुठल्या देवाची ते विचारलं नाही, तो काही आपलं-परकं बघत नसेल असं धरून चालले. आत बाकं होती, सगळे जोडे घालून बसलेले. मी मात्र चपला काढून हातात घेतल्या, पायांना जमेना. जपमाळ काढली. आईसाठी एक माळ करावी असं मनात होतं. निम्म्यात मणी चुकला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकला. मग माळ ठेवून दिली आणि नुसती बसले. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. छताला पंखे किती आहेत ते मोजले. अकरा.

ठके, सकाळी मी तुला लिहिलं की जागा नऊच होत्या. ते खरं आहे. पण माझा नंबर लागला नाही असं तुला वाटलं असेल, तसं मी लिहिलंच होतं. झालं ते असं.

सकाळी आठला कंपनीची मुलगी यादी घेऊन हॉटेलात आली. सगळ्यांना खाली बोलावलं. म्हणाली, साडेदहाच्या विमानात नऊ जागा आहेत. ज्यांच्या घरी आजारपण आहे, कुणी गेलं आहे, परीक्षा आहे, त्यांनी हात वर करावा. हे मला औषधवाल्याने समजावून सांगितलं. विमानात मी त्याला आईचं सांगून बसले होते, बोलू नये तेवढं बोलून जातो आपण परक्याजवळ. तो म्हणाला, "मावशी, हात वर करा की. तुमचं तर कारण आहे."

मी हात मांडीवरून उचललाच नाही.

मुलगी एकेकाजवळ येत माझ्यापाशी आली. तिने विचारलेलं कळायला मला औषधवाला लागला नाही. मी सांगितलं, मला घाई नाही.

औषधवाला माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मावशी, नक्की?" मी मान हलवली. "मग मी जाऊ का? माझी फक्त मीटिंग आहे, पण..." म्हटलं, जा बाबा. तो गेला. दारातून वळून एकदा हात केला त्याने. मी कुपनावरची जेवणाची वेळ वाचत बसले.

का, ते विचारू नकोस. मी इथे बसून तेच विचारतेय. माझ्या डोक्यात एवढंच होतं की मी इथे आहे तोवर तुझ्या दाराची घंटा मला वाजवावी लागत नाही.

दुपारी सव्वाचार

ठके,

फुलीचं दुकान सापडलं. दुकान कसलं, जिन्याखालची खोबण. चपला-बॅगा शिवणारी एक बाई बसली होती, माझ्याहून मोठी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. ती तिच्या भाषेत बोलली, मी आपल्या. काही अडलं नाही. तिने चार बोटं दाखवली, मी दोन. तिने कपाळाला हात लावला, मी उठल्यासारखं केलं. तीनवर मिटलं. मग तिने मला बसायला डबा दिला.

तिने बॅग उलटी करून फुटपाथवर झटकली. कसला कसला भुगा पडला. आईच्या खडीसाखरेचा असेल. मग चेन उसवायला लागली आणि मी बघत बसले.

तुला आठवतं, आई ही बॅग कधी पुरती उपसायची नाही? मी तिला कपाटातला एक खण दिला होता. तिने सहा महिन्यांत त्यात कधी काही ठेवलं नाही. अंघोळ झाली की साबणाची डबी पुसून बॅगेत, फणी बॅगेत, पातळ सुकलं की घडी करून बॅगेत. मला राग यायचा. लोक काय म्हणतील, लेकीकडे पाहुण्यासारखी राहते. तुझ्याकडेही तशीच राहायची का, हे मी तुला कधी विचारलं नाही. आपण दोघीच बहिणी, आई दोघींत सारखी असं आपणच ठरवलेलं. मार्च ते ऑगस्ट तुझ्याकडे, सप्टेंबर ते फेब्रुवारी माझ्याकडे. आज या डब्यावर बसून मी दिवस मोजले. तुझे एकशे चौऱ्याऐंशी. माझे एकशे एक्याऐंशी. तीन दिवस तू दर वर्षी जास्त करत होतीस. मी, जिच्या वहीत काडेपेटीसुद्धा सुटत नाही, ते मोजले नव्हते.

एकोणतीस तारीख मात्र मोजली. त्या वर्षी फेब्रुवारी एकोणतीसचा होता आणि आमच्याकडे त्या दिवसापासून रंगारी यायचे होते. मी म्हटलं, माझे दिवस अठ्ठावीसला भरले. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, हेही मला माहीत होतं. ओळखीच्या टॅक्सीवाल्याला सांगून सकाळी दहाला आईला तुझ्या दारापर्यंत पोचवलं. त्याने बॅग दोन जिने चढवून दिली, घंटा वाजवली, आणि दुसरं भाडं होतं म्हणून तो गेला. तू घरात नव्हतीस. तुझ्या हिशेबाने आई दुसऱ्या दिवशी यायची होती. तुम्ही दोघं साडेतीनला आलात तेव्हा ती जिन्यात बॅगेवर बसलेली. एकोणऐंशी वर्षांची. तिचं पातळ ओलं झालेलं होतं, आणि ते तुझ्या यजमानांना दिसू नये म्हणून ती उठत नव्हती.

हे तू मला त्या दिवशी फोनवर सांगितलंस. मी पुढचं ऐकून घेतलं नाही. तू म्हणालीस, "मी तिला किल्ली देऊन ठेवली होती. लाल दोरा बांधून. ती तुझ्याकडे हरवली." आणि मी म्हटलं, तू किल्ली दिलीच नव्हतीस, आता अंगाशी आलं म्हणून खोटं बोलतेस. तू म्हणालीस, "ताई, आई पार्सल नाही. पाळ्या बंद." मग तुमची बदली झाली, आई तुझ्याबरोबर गेली, आणि आठवड्याने ही बॅग रिकामी माझ्याकडे आली.

आता पुढचं लिहिते.

त्या बाईने चेन काढली आणि बॅगेचं अस्तर चाचपलं. मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली आणि आत हात घालून कोपऱ्यातून किल्ली काढली. लाल दोरा बांधलेली. आतल्या खिशाला खाली भोक होतं, त्यातून ती अस्तराच्या मागे गेलेली.

ते भोक मला माहीत होतं. आईने दोनदा सांगितलं होतं, "एवढा खिसा शिवून दे गं." मी म्हटलं होतं, रविवारी देते. दोन्ही वेळा रविवारीच म्हटलं होतं.

तुझ्या शेजारणीने नंतर मला कुठल्याशा लग्नात सांगितलं होतं, तुमच्या आई त्या दिवशी जिन्यात सारखी बॅग उपसत होत्या, पुन्हा भरत होत्या, किल्ली यातच आहे म्हणत होत्या. मला वाटलं, म्हातारपण.

बाईने खुणेने विचारलं, खिसाही शिवायचा का? मी हो म्हटलं. त्याचे तिने पैसे घेतले नाहीत. मी दिले तर तिने हात झटकला, रागावल्यासारखा. आता हॉटेलवर जाऊन तुला फोन करते. किल्ली सापडली हे आईच्या कानाशी सांग म्हणून. तिला कळो न कळो. ती खरं बोलत होती, एवढं तिला कुणीतरी सांगायला हवं.

संध्याकाळी साडेसात

रस्ता चुकले. नदीच्या कडेने चालत राहिले आणि पूल दुसराच निघाला. तशाच कचेऱ्या, तशीच दुकानं, फक्त मनोरा नव्हता. कागद दाखवला तर एकाने इकडे हात केला, एकीने तिकडे. टॅक्सी करायला हवी होती, हे आता लिहितेय. तेव्हा सुचलं नाही, म्हणजे सुचलं आणि मी चालत राहिले. हॉटेलात शिरले तेव्हा सात वाजले होते.

काउंटरवरच्या मुलीने नंबर लावून दिला. फोन तू उचललास. तुला माहीत आहे आपण काय बोललो, तरी लिहिते, कारण त्यात मी काय बोलले ते मला लिहून ठेवायचं आहे.

तू म्हणालीस, "ताई?"

इतक्या वर्षांनी ऐकलं.

"गेली गं. सव्वासहाला." मग म्हणालीस, "दुपारी चांगली शुद्धीवर होती. सारखी विचारत होती, बॅग भरलीस का. मी म्हटलं, तुला कुठे जायचं नाही, ताईच येतेय इकडे. मग दाराकडे बघत होती."

काउंटरवर एक फुलदाणी होती, तीतली फुलं कापडाची होती. मी त्यांच्याकडे बघत उभी होते.

तू विचारलंस, "आधीचं विमान नव्हतं का?"

मी म्हटलं, "नव्हतं."

"बरं. नीट ये. आम्ही थांबतो. सकाळी तू आल्यावरच नेऊ."

एवढंच झालं. किल्लीचं मी सांगितलं नाही. कुणासाठी सांगायचं होतं ते राहिलं नाही.

काउंटरवरच्या मुलीला फोनचे पैसे विचारले तर नको म्हणाली. माझ्या तोंडावर काही दिसलं असेल. मला काही वाटत नव्हतं. दुसरं कुपन वापरलं. भात होता. पूर्ण खाल्ला, टाकला नाही.

मग खोलीवर येऊन पहिल्यांदा बॅग भरली. टॉवेल, दोन पातळं, पोथी, आईसाठी आणलेली मऊ शाल. चेन आता छान लागते.

बुधवार, १८ ऑक्टोबर
सकाळी सव्वासात

ठके,

विमानतळावर बसले आहे. थोड्या वेळाने आम्हाला आत सोडतील. कालपासूनची सगळी पानं एकदा वाचली. पहिलं पान फाडून टाकावंसं वाटलं, ज्यात जागा नऊच होत्या असं लिहिलंय. राहू दिलं. तेही मीच लिहिलेलं आहे.

तू विचारलंस ते तू सहज विचारलंस, मला ठाऊक आहे. पण उद्या, परवा, तेराव्याला कुणीतरी पुन्हा विचारेल, मावशी, तुम्हाला एक दिवस उशीर कसा झाला. आणि मी धुक्याचं सांगेन आणि तू माझ्या बाजूने मान हलवशील. ते मला सोसायचं नाही.

आधीचं विमान होतं. मी ते घेतलं नाही.

ते साडेबाराला पोचलं. सामान, टॅक्सी धरून दीडला मी तुझ्या घरात असते. आई सव्वासहाला गेली. पावणेपाच तास होतात. त्यात ती शुद्धीवर होती, दाराकडे बघत होती. जिन्यात ती बसली होती ते साडेपाच तास. काल अंथरुणावर पडून मी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघितले, जसे आपल्याला खोड असते तसे. ते जुळत नाहीत. जुळले असते तरी काय झालं असतं, मला माहीत नाही.

यंदाही फेब्रुवारी एकोणतीसचा होता. त्या दिवशी मी जेवले नव्हते. ह्यांना सांगितलं, पोट बरं नाही. हे तुला आवडावं म्हणून लिहीत नाही. लिहायचं राहून गेलं होतं.

किल्ली बॅगेच्या आतल्या खिशात आहे. तू खोटं बोलली नव्हतीस. मी तसं म्हटलं होतं, ते मागे घेते. त्या घरात आता दुसरे कुणी राहतात, त्यांनी कुलूप बदललं असेल, तेव्हा ती तुझ्या काही उपयोगाची नाही. तरी ती तुझी आहे.

शेजारच्या खुर्चीवर एक बाई बाळाला थोपटतेय. तिने मला खुणेने विचारलं, कुठे? मी म्हटलं, बहिणीकडे. तिला कळलं नसेल. तिने मान हलवली.

आत सोडायला लागलेत. शेवटचं लिहिते. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही आणि पिशवीतही ठेवणार नाही. तुझ्या दारात आले की घंटा वाजवीन, हे तुझ्या हातात देईन आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबेन. तुझे यजमान 'ताई, आत या' म्हणतील, त्यांना सांग, वाचून होऊ दे. घरात माणसं असतील, तू आतल्या खोलीत जाऊन वाच. आईला शेवटचं बघू द्यायचं की नाही ते वाचून झाल्यावर ठरव. नको वाटलं तर तसं सांग, मी जिन्यातूनच हात जोडीन.

पानं बरीच झालीत आणि अक्षर शेवटी बारीक झालंय, वाचायला वेळ लागेल. घाई करू नकोस. मला बसायला बॅग आहे.

तुझी
ताई